आधी ओळख, मग औषध

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी म्हसोबाची यात्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस चालते. शहापूर-मुरबाडचे आणि शेजारच्या जिल्ह्यांतले शेतकरी तेथे येतात ते देवदर्शनासाठी, घोंगडीसाठी आणि मुख्यतः बैलांसाठी. या बाजाराची एक जुनी शिस्त आहे. गिऱ्हाईक प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाहते. जनावर अदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेले आहे याची खात्री पटली, चाल पाहून झाली, खोड आहे की नाही याची चौकशी झाली, म्हणजे मग किमतीची बोलणी सुरू होतात. दात न पाहता बैल घेणारा शेतकरी या बाजारात शोधूनही सापडणार नाही.

परंतु जनावराच्या बाबतीत इतका चोखंदळ असणारा हा समाज स्वतःच्या शरीरात शिरलेल्या रोगजंतूच्या बाबतीत मात्र ओळखपाळख न विचारता औषध घेतो, आणि वैद्यकव्यवस्थाही पुष्कळदा ओळख न पटवता ते देते. जिवाणूंच्या बाबतीत या सवयीचे दुष्परिणाम आता सुशिक्षित वर्गाला ठाऊक झाले आहेत. प्रतिजैविके निकामी होत चालल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्याच वाटेने बुरशीवरील औषधेही निघाली आहेत, याची जाणीव मात्र फारशी झालेली नाही. विशेषतः ज्यांची नावेही सामान्य डॉक्टरांच्या कानांवरून क्वचित जातात अशा काही दुर्मीळ किण्वांच्या बाबतीत हा प्रश्न बिकट झाला आहे.

घरचे किण्व, रुग्णालयातले किण्व

किण्व, म्हणजे ज्याला व्यवहारात यीस्ट म्हणतात ती एकपेशीय बुरशी, माणसाला परकी नाही. पाव फुगतो, ताडीला फेस येतो, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर मोहाची फुले आंबतात, ती याच सूक्ष्म जीवांमुळे. किण्वांच्या दीड हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत आणि त्यांपैकी अगदी मोजक्याच माणसाला रोग आणतात. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. तान्ह्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर धरतो तो बहुधा हिच्यामुळे. निरोगी माणसाच्या आतड्यात व त्वचेवर अशी किण्वे निमूटपणे नांदत असतात.

ती रक्तात शिरली म्हणजे मात्र प्रकरण जिवावर बेतते. अकाली जन्मलेले मूल, कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण, मधुमेहाने जर्जर झालेला माणूस, अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस पडून असलेला आणि शिरेत नळी घातलेला अपघातग्रस्त, ही अशा किण्वांची भक्ष्ये होत. म्हणजे यात्रेच्या गर्दीत पसरणारी ही साथ नव्हे. रुग्णालयाच्या चार भिंतींत, आधीच दुबळ्या झालेल्या शरीरावर होणारा हा हल्ला आहे. भारतातील २७ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर हजार दाखल रुग्णांमागे साडेसहा जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली. अशा रुग्णांपैकी शेकडा सुमारे ४५ जण तीस दिवसांच्या आत दगावले. याच पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. पाश्चात्य देशांतील पाठ्यपुस्तके ज्या अल्बिकन्सला प्रमुख मानतात ती येथे मागे पडली होती. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही जात पहिल्या क्रमांकावर होती, आणि तोवर फारशी कोणाला माहीत नसलेली कॅन्डिडा ऑरिस २७ पैकी १९ विभागांत हजर होती.

तीनच कुळे

बुरशीवरील औषधांची टंचाई का, याचे उत्तर जीवशास्त्रात आहे. जिवाणूची पेशी माणसाच्या पेशीहून इतकी निराळी असते की तिच्यावर वार करण्यास अनेक जागा सापडतात. बुरशीची पेशी मात्र रचनेने माणसाच्या पेशीची दूरची नातलग. तिला मारील आणि रुग्णाला तारील असे औषध शोधणे म्हणूनच कठीण. रक्तातील संसर्गावर आज मुख्यतः तीन कुळांतील औषधांचा आधार आहे. ॲम्फोटेरिसिनचे कूळ पेशीच्या आवरणातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याला जाऊन चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. फ्लुकोनॅझोलचे, म्हणजे ॲझोल कूळ, हे द्रव्य तयारच होऊ देत नाही. एकायनोकॅन्डिन हे तिसरे व नवे कूळ पेशीची बाहेरची भिंत बांधण्याच्या कामात विघ्न आणते. ॲम्फोटेरिसिन जुने व प्रभावी, पण मूत्रपिंडाला अपाय करणारे. एकायनोकॅन्डिन महाग, आणि त्यांपैकी नित्य वापरातली औषधे शिरेतूनच द्यावी लागणारी. फ्लुकोनॅझोल स्वस्त, तोंडाने घेता येणारे, आणि म्हणूनच सर्वत्र वापरले जाणारे. २०२१ साली करोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव कसे वणवण फिरत होते, हे महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. ती बुरशी किण्वांपैकी नव्हती. पण बुरशीवरील औषधांची कोठी किती रिकामी आहे, हे त्या उन्हाळ्यात सर्वांना दिसले.

या कोठीत भर घालण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध मिळवले. त्या जीवाला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले. पिंपरीचे नाव अशा रीतीने वैद्यकशास्त्राच्या नोंदीत गेले. हॅमायसिनचा उपयोग पुढे मुख्यतः बाहेरून लावण्याच्या उपचारांपुरता राहिला. तरी या देशाला हे संशोधन जमते, याची ती खूण आहे.

नावाचा घोळ

औषधांची कुळे तीनच असताना कोणत्या शत्रूवर कोणते शस्त्र चालेल, हे नेमके ठाऊक असणे अधिकच अगत्याचे ठरते. आणि येथेच दुर्मीळ किण्वांची खरी मेख आहे. यांतील काही जाती जन्मतःच विशिष्ट औषधांना दाद देत नाहीत. कॅन्डिडा क्रुसाय या नावाने रुग्णालयांना माहीत असलेली जात फ्लुकोनॅझोलला मुळातच जुमानत नाही. गंमत अशी की, आंबवलेल्या पदार्थांत आढळणारे पिकिया कुद्रियावझेवी हे किण्व आणि ही क्रुसाय एकच, हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. ट्रायकोस्पोरॉन या कुळावर एकायनोकॅन्डिन चालत नाही. रोडोटोरुला या तांबूस रंगाच्या किण्वावर एकायनोकॅन्डिनही चालत नाही आणि फ्लुकोनॅझोलही नाही. अर्थात प्रयोगशाळेने केवळ ‘किण्व आढळले’ एवढाच शेरा मारून कागद परत पाठवला, तर तो हाती पडलेल्या डॉक्टरने काय करावे? तो हाताशी असलेले फ्लुकोनॅझोल सुरू करतो. ते चालले तर ठीक. न चालले तर दोन-तीन मोलाचे दिवस गेलेले असतात, आणि औषधाला तोंड देऊन टिकलेले किण्व तेवढे मागे उरते.

कॅन्डिडा ऑरिसची कथा म्हणजे या नावाच्या घोळाचा नमुनाच आहे. २००९ साली टोकियोतील एका वृद्ध स्त्रीच्या कानातून ही जात प्रथम वेगळी काढण्यात आली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, त्यावरून तिचे बारसे झाले. त्यानंतर दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले जुने नमुने तपासले. १९९६ साली एका बालकाच्या रक्तातून मिळालेले किण्व हेच होते, असे त्यांना आढळले. म्हणजे तेरा वर्षे हा शत्रू बिननावाचा वावरत होता. नाव मिळाल्यावरही घोळ मिटला नाही. अनेक रुग्णालयांतील ओळख पटवणारी जुनी स्वयंचलित यंत्रे ऑरिसला कॅन्डिडा हेम्युलोनिया ठरवीत, काही पद्धती तर तिला रोडोटोरुला समजत. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तिची नोंद केली. भारतातील ३५० नमुन्यांच्या, २००९ ते २०१७ या काळातील तपासणीत शेकडा ९० नमुने फ्लुकोनॅझोलला प्रतिकार करणारे निघाले. ॲम्फोटेरिसिनला प्रतिकार करणारे शेकडा ८ आणि एकायनोकॅन्डिनला शेकडा २ होते. म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सुलभ औषध या शत्रूपुढे जवळजवळ निरुपयोगी आहे.

शिवाय ही जात रुग्णाच्या त्वचेवर, खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर दीर्घकाळ जिवंत राहते, आणि सर्वसाधारण जंतुनाशकांपैकी कित्येकांना पुरून उरते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन या नामांकित रुग्णालयात २०१५-१६ साली तिने ५० रुग्णांना गाठले. साधनांची रेलचेल असलेल्या ठिकाणची ही अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रोगकारक बुरशींची पहिली प्राधान्य यादी प्रसिद्ध केली, तेव्हा सर्वांत गंभीर गटातील चार नावांत ऑरिसचा समावेश करावा लागला.

ओळख वेळेवर पटली आणि साध्या उपायांची जोड मिळाली तर काय साधते, याचेही उदाहरण याच देशात आहे. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या तेवीस महिन्यांत पिकिया ॲनोमला या अतिशय दुर्मीळ किण्वाने ३७९ नवजात अर्भकांना व बालकांना ग्रासले. डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागोवा घेतला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या हातांवरून हे किण्व एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात जात असावे, असे दिसून आले. हात धुण्याची मोहीम आणि धोक्यातील अर्भकांना आधीच दिलेली औषधे, या दोन्हींनी साथ आटोक्यात आली. त्या संस्थेने ही हकीकत झाकून न ठेवता जगापुढे मांडली, हे तिला भूषणावह आहे.

औषधाचा प्रतिकार कोठे शिकवला जातो

दिल्ली, चंडीगढ, लंडन ही झाली मोठ्या रुग्णालयांची नावे. म्हशाचा यात काय संबंध, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहील. संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला औषधांच्या वापराचा. आषाढात भाताची आवणी सुरू झाली की दिवसदिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत आणि कमरेला नायटा उठतो. दवाखाना दूर आणि मजुरी बुडणारी, म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणले जाते. अशा कित्येक मलमांत बुरशीरोधक औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज तात्काळ थांबते, बुरशी मात्र आत फोफावते. अशी स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे सरकारने २०१८ साली ठरवले. तो नियम किती ठिकाणी पाळला जातो, हे कोणत्याही बाजारपेठेत दिसण्यासारखे आहे. नायट्याची बुरशी किण्व नव्हे. पण औषधांच्या अशा वापराने काय होते, याचा धडा तिने घालून दिला आहे. भारतात टर्बिनाफिन या औषधाला न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही जात फैलावली. देशाचेच नाव लागलेली ही जात २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही नोंदली गेली.

दुसरा संबंध शेतीचा. भातावरील पर्णकोष करप्यासाठी हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल फवारतात. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत भुरीवर याच कुळातली औषधे वापरतात. ही सारी फ्लुकोनॅझोलची भावंडे होत. पिकावरील बुरशीत ज्या जागी ती घाव घालतात, त्याच जागी रुग्णालयातले औषध किण्वावर घाव घालते. शेतात व फळांवर राहणाऱ्या किण्वांना या औषधांची सवय झाली, तर पुढे माणसाच्या शरीरात तीच सवय त्यांच्या कामी येऊ शकते. दिल्लीच्या संशोधकांना २०२१ साली अंदमानच्या किनाऱ्यावर, आणि पुढे २०२२ साली साठवणीतल्या सफरचंदांवर ऑरिस सापडली. बागेतून थेट आणलेल्या सफरचंदांवर मात्र ती नव्हती. एवढ्यावरून फवारणीलाच सर्वस्वी जबाबदार धरणे घाईचे होईल. पीक वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोषी ठरवणे तर अन्यायाचेच. परंतु कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी एकाच कुळातील औषधांबद्दल एकमेकांशी बोलूही नये, ही स्थिती शहाणपणाची म्हणता येणार नाही.

हरकत आणि उत्तर

यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. जेथे सर्पदंशाचा रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचण्याची मारामार आणि कुपोषणाचा प्रश्न अद्याप शिल्लक, त्या तालुक्यांत किण्वांच्या जाती ओळखण्याची चैन कोणाला परवडणार? शिवाय रक्तातून किण्व वाढून यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि खरा संसर्ग असूनही सुमारे निम्म्या रुग्णांत ते वाढतच नाही. तोवर डॉक्टरांनी हातावर हात ठेवून बसावे काय?

तसे कोणी म्हणत नाही. उपचार ताबडतोब सुरू व्हावेत. मात्र औषधाचा पहिला थेंब शिरेत जाण्यापूर्वी रक्ताचा नमुना काढलेला असावा, आणि नाव कळताच औषध बदलण्याची किंवा थांबवण्याची तयारी असावी. चैनीचा आक्षेपही फारसा टिकत नाही. समजा, म्हशाच्या आसपासचा एखादा शेतमजूर अपघातात जबर जखमी झाला. तो मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून कल्याण-उल्हासनगर आणि तेथून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जातो, पंधरा दिवस अतिदक्षता विभागात राहतो आणि परततो. मोठ्या रुग्णालयात लागलेले किण्व तो अंगावर घेऊन आला, तर पुढच्या आजारात त्याला तपासणाऱ्या गावच्या डॉक्टरला ते कळणार कसे? शिवाय निकामी औषधाचे दिवस, लांबलेली खाट आणि मागाहून आणावी लागणारी महागडी कुपी यांचा भार त्याच्याच घरावर पडतो. चुकीच्या नावाची किंमत सर्वांत जास्त गरीबच मोजतो.

क्षयरोगाने या बाबतीत वाट दाखवून दिली आहे. त्या रोगात रुग्णाच्या थुंकीतील जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाही हे काही तासांत सांगणारी यंत्रे आज तालुक्याच्या पातळीपर्यंत पोचली आहेत. त्यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीने बनवले, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. किण्वांसाठी प्रत्येक तालुक्यात यंत्र बसवावे, असे कोणी मागत नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किण्वांच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या रंगांत वाढवणारे माध्यम ठेवणे ही फार खर्चाची गोष्ट नव्हे. त्यावर जे ओळखू येणार नाही, ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. तेथील नवी यंत्रे प्रथिनांच्या ठशावरून काही मिनिटांत नाव सांगतात. गरज आहे ती नमुना वेळेवर पोचवणाऱ्या माणसाची, आणि आलेले उत्तर पुन्हा मुरबाड-शहापूरच्या डॉक्टरच्या टेबलावर पडेल अशा व्यवस्थेची. चंडीगढ येथे रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अवघड नमुने तेथपर्यंत जाण्याची सोय व्हावी.

नवी औषधे येत आहेत. इब्रेक्साफंजर्प २०२१ साली आणि रेझाफंजिन २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले. पण ती भारतातील सरकारी रुग्णालयांत परवडणाऱ्या किमतीत येईपर्यंत आहेत ती औषधे जपून वापरण्यावाचून गत्यंतर नाही. औषध जपून वापरणे म्हणजे ते कमी लोकांना देणे, असा अर्थ कोणी करू नये. योग्य रुग्णाला, योग्य जंतूवर, पुरेसे दिवस देणे म्हणजे ते जपणे. त्यासाठी दुकानदाराने चिठ्ठी मागावी, प्रयोगशाळेने ‘किण्व’ या एका शब्दावर समाधान मानू नये, आणि खाटेशी येणाऱ्या प्रत्येकाने हात धुवावेत. यांतली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

म्हशाच्या बाजारातील शेतकऱ्याला ठाऊक असते की, न पाहता घेतलेले जनावर घरी नेल्यावर खोड दाखवू लागले तर बाजार उठून गेलेला असतो. किण्वांच्या बाबतीतही औषधांचा बाजार एकदा उठला, तर तो पुन्हा भरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.